सासरच्या चढासाठी नवं इंजिन

"या खेपेला मी चढावर उतरणार नाही!" बायकोनं निक्षून सांगितलं. "आईच्या वाढदिवसाला सगळं माहेर गच्चीत उभं असणार. त्यांच्यादेखत पुन्हा गाडी ढकलायला लावलीत, तर याद राखा, तुमच्या गाडीत पाऊल ठेवणार नाही."

हेडक्लार्कसाहेबांचा चेहरा पडला. गाडी तशी गुणी, पण सासरच्या दाराआधीचा तो मेला चढ आला की कण्हायला लागायची. मेहुणा गच्चीतून ओरडायचा, "आले, आले, ढकलगाडीवाले आले!" बरं, साहेबांचा हलगर्जीपणा म्हणावा, तर तसंही नाही. कुलूप लावलं की त्याला लोंबकळून बघणारा हा माणूस. चढावर गाडी मागं घसरू नये म्हणून हँडब्रेकसुद्धा थोडासा ओढूनच ठेवायचा. एवढं जपूनही गाडी चढत नाही, म्हणजे दोष इंजिनाचाच, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

त्यांनी गॅरेज गाठलं. "मिस्त्री, हिच्यात दांडगं इंजिन बसवा."

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, डोकं खाजवलं. "बसवू की! पण साहेब, जागा लागेल."

"लागेल तेवढी घ्या."

हे वाक्य त्यांना भलतंच महागात पडलं. नवं इंजिन पुढं मावेना, म्हणून बॅटरी डिकीत गेली. तरी ते आत घुसलंच, म्हणून साहेबांच्या शेजारची सीट काढावी लागली. मग गाडीचं नाक जड झालं आणि मागची चाकं अधांतरी उडायला लागली. त्यावर उपाय म्हणून मिस्त्रींनी मागची सीट काढून तिथं वाळूची पोती रचली.

वाढदिवसाच्या सकाळी मिस्त्रींनी गाडी दारात आणून उभी केली. नवी साडी नेसून, हातात केक घेऊन बायको बाहेर आली. तिनं आत वाकून पाहिलं.

"अहो, मी बसू कुठं?"

साहेबांनी मिस्त्रींकडं पाहिलं. मिस्त्रींनी पोत्यांकडं पाहिलं.

"वजनच हवंय ना? मग ती पोती काढा, मी बसते!"

"नाही वहिनी, तेवढ्यानं भागायचं नाही."

आपलं वजन कमी पडतंय हे ऐकून तिचा राग अर्धा ओसरला. मिस्त्रींना मात्र ओशाळल्यासारखं झालं. "माझी गाडी कोपऱ्यावर आहे, मी सोडतो तुम्हाला," ते म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढं," बायको साहेबांना म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता, की साहेबांनी मागं न बघता गाडी सुरू केली.

पण चढ लागला आणि साहेब सगळं विसरले. काय ती डरकाळी! गाडी न थांबता सरळ दारापर्यंत गेली. गच्चीतला मेहुणा चक्क गप्प झाला. साहेब अशा ऐटीत उतरले, की जणू गाडी खांद्यावर घेऊन आले होते.

"जावईबापू, आमची लेक कुठाय?" सासूबाईंनी विचारलं. "आणि मागच्या चाकांतून धूर कसला येतोय?"

तेवढ्यात मिस्त्रींची छोटी गाडी आली. आत मिस्त्री, मांडीवर केक घेतलेली बायको आणि वाटेत भेटलेल्या दोन धष्टपुष्ट मावश्या, सगळे मजेत गप्पा मारत. गाडी कुठं अडखळली नाही, कण्हली तर नाहीच नाही.

"मिस्त्री, तुमच्या गाडीला कुठलं इंजिन?" साहेबांनी धास्तावून विचारलं.

"तुमचंच जुनं की! फेकायला जीव होईना. खणखणीत आहे हो."

तोवर बायकोनं धुराचा माग काढत साहेबांच्या गाडीत डोकावून पाहिलं. "हँडब्रेक वर आहे म्हणून धूर, होय ना? आताच ओढलात, की येताना पण होता?"

"थोडासा होता," साहेब पुटपुटले. "सावधगिरी म्हणून. नेहमीच असतो."

मग गच्चीत जो हशा पिकला, तो थांबेचना.

"मी म्हटलं होतं ना, चढावर उतरणार नाही?" बायको पदर सावरत म्हणाली. "नाही उतरले!"

साहेब कानापर्यंत लाल झाले. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी घाईघाईनं गाडीत हात घातला आणि जन्मात पहिल्यांदाच हँडब्रेक पार खालपर्यंत सोडला.

इंजिन, बॅटरी आणि पोत्यांसकट गाडी हळूच मागं सरकली.

"धरा!" साहेब किंचाळले. मेहुणा, मिस्त्री, मावश्या, सगळे धावले. बायकोनंही केक आईच्या हातात कोंबला, साडी खोचली आणि नेहमीच्या सवयीनं मागून गाडीला खांदा लावला.