काकांची नोकरी परदेशी जाते

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची पुढे सरकवली आणि स्वतःच्या हाताने पाण्याचा ग्लास दिला, तेव्हाच काकांनी ओळखलं की आपलं काही खरं नाही.

"काका, तुमच्या कामाला आता सगळं जग मोकळं झालंय," साहेब म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे काम जगात जाणार. तुम्ही इथेच राहणार."

काका हे कुणाचेच काका नव्हते. ऑफिसात सगळ्यांच्या आधीपासून होते म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. त्यांच्या ताब्यात एक जुनापुराणा प्रोग्रॅम होता. गोदामातला कुठला खोका कुठल्या गाडीत चढवायचा, हे तो ठरवायचा. काका त्याला 'म्हातारी' म्हणायचे, आणि त्यांचं ऐकून सगळेच म्हणायला लागले होते. म्हातारी कामाला वाघीण होती, पण मधूनच हटून बसायची, आणि तिची मनधरणी करणं काकांशिवाय कुणालाच जमत नसे. आता हेच काम दूरच्या एका देशातली माणसं करणार होती, आणि काकांच्या पगारात तिकडे अख्खी टोळी कामाला ठेवता येत होती.

"जाण्याआधी तुम्ही फक्त एवढं करा," साहेब म्हणाले. "दिवसभर जे जे कराल त्याचं रेकॉर्डिंग करा. कॉम्प्युटरचंही आणि तुमचंही. तिकडची माणसं बघून बघून शिकतील."

काकांच्या डोक्यात तिडीक गेली. पण तोंडाने ते फक्त "बरं" म्हणाले. रेकॉर्डिंग करा असं सांगितलंय ना? करतो. समजावून सांगा असं कुठे सांगितलंय? पुढचे काही आठवडे काका कॅमेऱ्यासमोर तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे बसले. म्हातारी अडकली की ते तिला बंद करत, पुन्हा चालू करत आणि ती जागी होईपर्यंत वेळ जावा म्हणून घरी काकूंना फोन लावत. फोन स्पीकरवर असे.

"आता काय झालं?" काकू विचारत.

"काही नाही. सहज."

"सहज फोन करायला मला वेळ नाहीये. बाथरूमचा नळ गळतोय, प्लंबरला सांगितलंत का?"

"सांगतो."

"सांगतो नाही. आत्ता सांगा!"

"बरं बाई, तू म्हणशील तसं," असं म्हणून काका फोन ठेवत आणि एक बटण दाबत. तोवर जागी झालेली म्हातारी कामाला लागे.

तिकडच्या टोळीची मुख्य एक हसतमुख बाई होती. व्हिडिओवर ती बोलायला लागली की तिच्या खांद्यांवर दोन सारखीच पोरं चढत, म्हणून काकांनी मनातल्या मनात तिचं नाव 'जुळ्यांची आई' ठेवलं होतं. दोन्ही देशांना अर्धीमुर्धी येणाऱ्या एका भाषेत ती रोज विचारायची, "सर, आणखी काही सांगायचंय?"

"रेकॉर्डिंगमध्ये सगळं आलंय," काका थंडपणे म्हणायचे.

शेवटच्या दिवशी घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं, "बघच तू. महिन्याभरात रडत येतील माझ्या दारात."

"आले तर बसवून घ्या. मी क्लासवर असेन," काकू म्हणाल्या. काकू गाडी शिकवायच्या. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं आणि उरलेलं त्यांच्या गाडीसमोरून जीव मुठीत धरून पळालं होतं.

मग काका फोनची वाट बघत बसले. फोन चार्ज केलेला, पुसलेला. अंघोळीला जातानाही बरोबर. एकदा वाजला, तर काकांनी साबणाच्या हाताने उचलला. पलीकडून एक गोड आवाज त्यांना गादी विकत घ्या म्हणाला. महिना उलटला तरी रडत कुणी आलं नाही.

उलट काकूंचा फोन मात्र उसंत घेत नव्हता. भाजी चिरताना वाजे, कपडे वाळत घालताना वाजे. काकू खिडकीपाशी जाऊन हळू आवाजात बोलत. "घाबरू नकोस. मी आहे ना. आधी सगळं बंद कर. हात काढून घे. आता शांत बस. काही झालेलं नाहीये."

"कोण होतं?" काका विचारत.

"शिकाऊ."

"फोनवरून गाडी शिकवतेस?"

"काहींना फोनवरूनच शिकवावी लागते," असं म्हणून काकू विषय बदलत. काकांना थोडी शंका यायची, पण बेकार माणसाने फार चौकशा करू नयेत म्हणून ते गप्प बसायचे.

एके दिवशी काकांची दाढ दुखायला लागली. "मला क्लासला जायचंच आहे, वाटेत दवाखान्यात सोडते," काकू म्हणाल्या. काका गाल धरून मागच्या सीटवर बसले. स्टिअरिंगवर एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. आयुष्यभर त्यांनी शेकडो पोरांना दरडावलं होतं, पण गाडी त्यांना दाद देत नव्हती. काकू शेजारच्या सीटवर होत्या आणि त्यांच्या पायाशी शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक होता.

बाजारपेठेच्या रस्त्याला लागताच काकूंचा फोन वाजला. त्यांचे डोळे रस्त्यावर होते. सवयीने त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"काकू, म्हातारी परत अडकली!" मोडक्यातोडक्या मराठीतला आवाज गाडीभर घुमला. "हलतच नाहीये!"

मुख्याध्यापिकांचे कान लाल झाले. "कोणाला म्हातारी म्हणतेय ही?"

"तुम्हाला नाही, तुम्ही पुढे बघा," काकू म्हणाल्या. "आणि तू घाबरू नकोस गं. आधी बंद कर."

मुख्याध्यापिकांनी गाडी बंद केली. भर रस्त्यात.

"अहो तुम्ही नाही! तुम्ही चालू करा!"

"लगेच चालू करू काकू?" फोनमधून प्रश्न आला. "की थांबू?"

"तू थांब. तुम्ही चालू करा. हळूच पुढे घ्या. अगं, हात काढून घे म्हटलं ना!"

मुख्याध्यापिकांनी गाडी चालू केली आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून घेतले. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. तेवढ्यात फोनमधून दोन पोरांच्या एकसुरी भोकाडाचा आवाज आला आणि काका दाढ विसरले. हा आवाज ते झोपेतही ओळखू शकले असते.

"जुळ्यांची आई!" काका मागून गरजले.

दचकलेल्या मुख्याध्यापिकांचा पाय जिथे पडायला नको तिथेच पडला. गाडीने उसळी मारली, फुटपाथवर चढली, आणि काकूंनी आपला ब्रेक दाबेपर्यंत एका फर्निचरच्या दुकानासमोर रचलेल्या रिकाम्या खोक्यांच्या डोंगरात घुसली. डोंगर सावकाश, विचार केल्यासारखा, गाडीवर कोसळला.

काचांवर खोकी पडल्यामुळे आत काळोख झाला. त्या काळोखात फोन आनंदाने ओरडला, "काकू, चालू झाली! थँक यू!"

दुकानदार बाह्या सरसावून धावत आला. त्याने एक खोका बाजूला केला, आत डोकावला आणि बाह्या खाली घेतल्या. "बाई? तुम्ही?"

"सातवीत पण तू पसाराच घालायचास," मुख्याध्यापिका म्हणाल्या. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांचा आवाज ताठ झाला होता. "उचल ते सगळं. आणि रस्त्यावर मांडत जाऊ नकोस."

"हो बाई," म्हणत दुकानदार मुकाट्याने खोकी उचलू लागला.

गाडीतल्या गाडीत काकांनी जाब विचारला. "अगं, हा काय प्रकार आहे? माझी म्हातारी तू चालवतेस?"

"मला काय माहीत ती तुमची म्हातारी आहे?" काकू म्हणाल्या. "पहिल्या फोनला मला वाटलं, माझीच कोणीतरी शिकाऊ चौकात अडकलीये. रडत होती बिचारी. मी म्हटलं, बंद कर, थोडं थांब, मग चालू कर. झालं काम. नंतर कळलं कोण ते. तुम्ही तिकडे फोन पुसत बसला होतात. तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार?"

काकांनी काकूंच्या हातातून फोन घेतला. "बाई, अडकलं तर मला विचारायचं सोडून माझ्या बायकोला का विचारलंत?"

"सर, आम्ही मराठी शिकत शिकत सगळी रेकॉर्डिंग तीन-तीन वेळा बघितली," जुळ्यांची आई प्रामाणिकपणे म्हणाली. "अडकलं की तुम्ही वरिष्ठांना फोन करता. नंबर तुमच्या फोनवर दिसतो. त्या तुम्हाला रागावतात. मग तुम्ही 'तू म्हणशील तसं' म्हणता आणि यंत्र चालू होतं. प्रत्येक वेळी. आम्हाला वाटलं, खरा अधिकार त्यांचाच."

मागच्या सीटवर काकांना आतून हसू फुटलं. इतकं, की दाढेवर हात दाबून धरावा लागला. काकूही हसायला लागल्या. मुख्याध्यापिकांना काहीच कळलं नव्हतं, पण त्यांनीही हसून घेतलं.

"पण आता तुम्हाला कळलं असेल ना," काका डोळे पुसत म्हणाले, "की तिला नुसतं जागं व्हायला वेळ लागतो?"

"ते दुसऱ्याच आठवड्यात कळलं, सर."

"मग अजून फोन कशाला?"

जुळ्यांच्या आईचा आवाज हळू झाला. "थांबायचं असतं तेव्हाच तर जीव घाबरा होतो. इथे सगळे वरून ओरडणारेच आहेत. काकू एकट्याच 'घाबरू नकोस' म्हणतात."

प्रकरण इथे मिटायला हवं होतं. पण तिकडच्या टोळीने भाबडेपणाने ऑफिसात सांगितलं की आमच्या यशाचं सगळं श्रेय काकूंना आहे. साहेबांना या काकू कोण ते आठवेना, म्हणून त्यांनी व्हिडिओ मीटिंग ठेवली.

घरात धांदल उडाली. कुणी काही तांत्रिक विचारलं तर हळूच सांगायला काका खिडकीच्या पडद्यामागे उभे राहिले. पण काकूंनी पहिल्याच वाक्याला सगळं उधळून दिलं.

"साहेब, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी गाडी शिकवते."

पडद्यामागे काकांनी कपाळाला हात लावला. साहेब मात्र पुढे सरकले. "तरी तिकडे एकानेही नोकरी सोडलेली नाही! आमची बाकीची कामं आम्ही जिथे जिथे पाठवली, तिथे माणसं महिन्याभरात पळून जातात. तुम्ही त्यांना नक्की सांगता काय?"

"काय सांगणार? घाबरू नका, काही झालेलं नाहीये."

साहेबांनी ते लिहून घेतलं. "आमच्या सगळ्या देशांतल्या सगळ्या माणसांना हे सांगाल का? रोज सकाळी. रीतसर नोकरी देतो."

पडद्यामागून जोरात ठसका लागल्याचा आवाज आला.

"तिथे आणखी कुणी आहे का?" साहेबांनी विचारलं.

"आमचे मिस्टर."

काकांनी पडदा सारून चेहरा बाहेर काढला. "नमस्कार, साहेब."

"नमस्कार, नमस्कार," साहेब मोकळेपणाने हसले. "काय करता आपण?"

काका साहेबांकडे बघत राहिले. ओळख पटल्याची कुठलीही खूण त्या चेहऱ्यावर नव्हती. "सध्या घरीच असतो," ते म्हणाले.

"वा, छान! घरात एक तरी माणूस निवांत हवा."

सोमवारपासून काकूंची नोकरी सुरू झाली. सकाळभर त्या कानाला हेडफोन लावून निरनिराळ्या देशांतल्या माणसांना धीर देऊ लागल्या. त्यामुळे सकाळचे शिकाऊ लोंबकळत पडले. तिसऱ्या दिवशी काकू काकांना म्हणाल्या, "तुम्हाला गाडी येते. वेळही आहे. पण हे बघा, नवशिक्या मास्तरला मी माझ्याएवढी फी देणार नाही."

"देशील ती," काका म्हणाले. तसेही घरात बसून ते भिंतींना कंटाळले होते आणि भिंती त्यांना.

पहिला आठवडा गेला आणि रविवारी मुख्याध्यापिकांचा काकूंना फोन आला. "तुमच्याशी स्पष्ट बोलते. मला यापुढे तुमचे मिस्टरच हवेत."

"का हो?"

"ते ओरडत नाहीत. गाडी बंद पडली की शांतपणे खिडकीबाहेर बघत बसतात, आणि मग ती आपोआप चालू होते."

त्यांच्यामागोमाग आणखी चार शिकाऊंनी तेच सांगितलं. काकूंनी फोन टेबलावर आपटला. "माझी गाडी, माझे शिकाऊ, मी घडवलेला क्लास! आणि आता सगळ्यांना तुम्हीच हवे! माझ्या शिकवण्यात खोट तरी काय होती?"

काकांनी किल्ली उचलली. खाली मुख्याध्यापिका स्टिअरिंगवर बसून कधीच्या हॉर्न वाजवत होत्या.

"तुझ्यात कसलीच खोट नाही गं," काका दारातून मागे वळून म्हणाले, आणि त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी असा फुलला होता. "मी फक्त स्वस्त पडतो!"