इन्स्पेक्टरचा उजवा डोळा

श्रावणभाऊंच्या समोर बोलताना माणसानं अडू नये. अडलं की पुढचं वाक्य ते देतात. मोठ्यानं नाही. मान थोडी खाली, ओठ जेमतेम हललेले, आणि समोरच्याला पत्ता लागू न देता. भाजीवाल्यापाशी, बँकेच्या खिडकीपाशी, कुणाच्या घरी समाचाराला गेल्यावर, कुठेही. मागच्या वर्षी आमच्या गल्लीत एका मुलीला पाहायला पाहुणे आले होते. मुलीच्या मामानं मुलाला विचारलं, "पुढं काय करायचं ठरवलंय?" मुलगा लाजून गप्प झाला. दाराशी बसलेले श्रावणभाऊ हळूच म्हणाले, "तुमच्या पोरीले सुखात ठेवीन." मुलानं तेच म्हणून टाकलं. मामाचे डोळे भरून आले आणि लग्न जमलं. मुलगा काहीच कामधंदा करत नाही हे नंतर कळलं. पण त्याचं खापर श्रावणभाऊ स्वतःवर घेत नाहीत.

"माहं काम वाक्य देनं," ते म्हणतात. "निभावनं नटाचं काम."

श्रावणभाऊ नाटकात प्रॉम्प्टर आहेत. आमच्या सोलापूरकडे हे ऐकून माणूस 'बरं' म्हणेल आणि विषय बदलेल. इथे, चंद्रपूरकडच्या मूल गावाच्या भागात, लोक खुर्ची सरकवून देतात. दिवाळीनंतर धान निघालं की झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात, ती होळीपर्यंत. रात्रभर चालतात. नट आज या गावात, उद्या त्या गावात, पाठांतर करायला वेळ कुणाला? सगळी मदार पडद्याआडच्या माणसावर. श्रावणभाऊंनी चाळीसेक वर्षं तिथे बसून प्रेमपत्रं सांगितली, शाप दिले, आयांना मरताना शेवटचे शब्द पुरवले. स्वतः एकदाही रंगमंचावर गेले नाहीत.

मी त्यांची शेजारीण. नवरा राईस मिलमध्ये बॉयलरवर आहे म्हणून आम्ही इतक्या लांब आलो. माझी शाळा आठवीतच सुटली. ब्लाउज शिवते, आणि उरलेला वेळ काळजी करते. काळजी करायला मला कारण लागत नाही. सुरुवातीला तर बाजारात जायचीसुद्धा काळजी. इथली बोली कानाला नवी, आणि मी तोंड उघडलं की बायका हसू दाबायच्या. एकदा कोथिंबिरीच्या ढिगापुढे मी नुसतीच उभी होते, तर मागून आवाज आला, "सांभार मन. जुडी कितीले, मन." मी म्हटलं. जुडी मिळाली, आणि 'मन' म्हणजे 'म्हण', 'सांभार' म्हणजे कोथिंबीर हेही कळलं. पुढचे कितीतरी महिने मी श्रावणभाऊंच्या वाक्यांवर संसार केला. दूधवाल्याशी भांडलेसुद्धा त्यांच्याच शब्दांत. हे उपकार फेडायला मला जागा नव्हती, ती इन्स्पेक्टरनं दिली.

इन्स्पेक्टर म्हणजे गिनी पिग. उंदराहून मोठा, सशाहून लहान, शेपूट नाही, आणि अंगावर खाकी केस. नागपूरची एक नटी हंगामभर त्याला टोपलीत घेऊन फिरत होती. शेवटचा खेळ झाल्यावर "भाऊ, दोन दिवस सांभाळा" म्हणून गेली, ती गेलीच. नाव श्रावणभाऊंनी ठेवलं.

"इन्स्पेक्टर काऊन?" मी विचारलं होतं. 'काऊन' म्हणजे 'का', हे तोवर मला जमायला लागलं होतं.

"वर्दी पाय ना त्याची. अन् नाटकात इन्स्पेक्टर कवा येते? सगळं होऊन गेल्यावर. हाही माह्याकडं तसाच आला."

प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज झाला की इन्स्पेक्टर घर डोक्यावर घ्यायचा. कुई, कुई, कुई. पिशवीत सांभार असतं हे त्याला ठाऊक होतं. कौसाबाई, म्हणजे आमच्या गल्लीतल्या मासोळी विकणाऱ्या, मुद्दाम रिकामी पिशवी वाजवून जायच्या आणि म्हणायच्या, "भाऊ, तुमच्या सायबानं मले सलाम ठोकला."

दिवाळी झाली, धान निघालं. श्रावणभाऊंनी इन्स्पेक्टरसाठी नवी तणस आणली. तणस म्हणजे धानाचा पेंढा. इथे पाहुणा आला की त्याच्या अंथरुणाखाली नवी तणस घालतात. उबदार असते आणि वासही छान येतो. "वर्साचा पाहुना हाय," म्हणत त्यांनी त्याच्या राहायच्या पेटीत चांगली जाड गादी करून दिली. इन्स्पेक्टर आनंदानं तिच्यात डोकं खुपसून झोपला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिशवी वाजली आणि तो ओरडला नाही.

मी पाहायला गेले. उजवा डोळा मिटलेला, कडेनं पाणी, आणि उघडून पाहिलं तर बुबुळावर दुधासारखा पांढरा पडदा. समोर कालचं सांभार तसंच पडलेलं. डोळ्याला इथे डोरा म्हणतात. बघता बघता गल्ली जमली आणि प्रत्येकाच्या घरात डोऱ्याचं एक औषध निघालं. कुणी मध सांगितला, कुणी शेळीचं दूध. कौसाबाई म्हणाल्या, "मी जल्मभर मासोळीचे डोरे पायत आली. पांढरा पडला का मासोळी सिळी समजाची." मग श्रावणभाऊंचा चेहरा पाहून त्यांनी जीभ चावली. "पन हे काही मासोळी नोय."

श्रावणभाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्याच्या थेंबांची बाटली फळीवर होती. ती त्यांनी काढली. "मले यानं चांगलं दिसाले लागलं. त्यालेही लागंल." बाटली डोळ्यापाशी नेली आणि मी त्यांचा हात धरला. मला औषधातलं काही कळत नाही. पण माणसाचं औषध, जुनं, आणि एवढासा जीव. भीती वाटायला मला तेवढं पुष्कळ होतं. मी बाटली पदरात घेतली आणि परत दिलीच नाही.

"अवो पोरी, भित्री हायस तू."

"आहे," मी म्हटलं. "आधी डॉक्टर."

मूलच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर भले माणूस. त्यांनी इन्स्पेक्टरला तळहातावर घेतलं आणि खरं ते सांगितलं, "मी बैल, म्हशी, शेळ्या पाहतो. एवढ्या डोळ्याची अवजारं माझ्याकडे नाहीत. चंद्रपूरला जा, आजच जा."

एस.टी.त श्रावणभाऊंनी टोपली मांडीवर धरली होती. कंडक्टरनं विचारलं, "आत काय?" मी गप्प. शेजारून वाक्य आलं, "भाजी मन." मी म्हटलं, "भाजी." टोपलीतून तेवढ्यात एक बारीक कुई आली. कंडक्टर आमच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "भाजी ताजी दिसते." पुढे निघून गेला.

चंद्रपूरच्या डॉक्टरबाई तरुण होत्या. इन्स्पेक्टरला टॉवेलात गुंडाळून त्यांनी विचारायला सुरुवात केली. कधीपासून खात नाही? लेंड्या कशा? दात करकरवतो का? खाली काय अंथरता? आणि श्रावणभाऊ, ज्यांनी राजांना आणि खुन्यांना वाक्यं दिली, ते नुसते उभे. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी त्यांच्या मागे उभी होते. मान थोडी खाली घातली आणि हळूच म्हटलं, "कालपासून खात नाही, मना."

"कालपासून खात नाई," श्रावणभाऊ म्हणाले.

"खाली तणस घातली, मना."

"तणस," ते म्हणाले. "नवी. मीच घातली."

ते 'मीच घातली' माझं नव्हतं.

बाईंनी डोळ्यात नारिंगी औषधाचा थेंब टाकला आणि निळी बॅटरी धरली. बुबुळावर एक हिरवा डाग चमकला. जिथे जखम तिथे हिरवं, त्यांनी समजावलं. मग डोळा बधिर करून पापणी उलटी केली आणि चिमट्यानं काहीतरी ओढलं. धानाचं कुसळ. माझ्या सुईपेक्षा बारीक. ते पापणीखाली बसलं होतं आणि प्रत्येक उघडझापीला बुबुळ खरवडत होतं.

आम्ही घरी कोणते थेंब टाकले का, हे त्यांनी विचारलं. मी पदरातून बाटली काढली. त्यांनी वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. "हे टाकलं असतं तर डोळा फुटला असता. जखमेवर हे चालत नाही." श्रावणभाऊंनी टोपली उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.

"जखम खोल आहे," बाई म्हणाल्या. "मी देते ते थेंब दिवसभर, ठरल्या वेळी. आणि खाऊ घाला. हे प्राणी उपाशी राहिले की डोळ्याआधी जीव जातो. भरलं तर भरलं. नाही तर डोळा काढावा लागेल, आणि एवढ्याशा जिवाला भूल मानवेलच असं नाही."

दुसऱ्या दिवशी कंपनीचे मालक जीप घेऊन दारात. हंगामाचा पहिला खेळ होता.

"भाऊ, चला. सामान कुठी हाय?"

"मी येत नाई."

"काऊन?"

"इन्स्पेक्टरच्या डोऱ्यात औषध टाकाचं हाय."

मालकांना वाटलं पोलीस ठाण्यातली भानगड आहे. ते आवाज उतरवून म्हणाले, "किती मांगते?" पेटी दाखवल्यावर ते खालीच बसले. "भाऊ, उंदरापायी नाटक सोडता? आपला व्हिलन तुमच्याबिगर उभा राहू सकत नाई."

"मंग त्याले बसून बोलू द्या," श्रावणभाऊ म्हणाले आणि दार लावून घेतलं.

खेळाची बातमी कौसाबाईंनी आणली. व्हिलन दुसऱ्या अंकात अडला, आणि मदतीला कुणी नाही म्हणून त्यानं नायिकेची माफी मागून टाकली. तिसरा अंक मग कशावर चालवायचा, कुणाला कळेना.

इकडे आमचं नाटक चालू होतं. तणस गेली, तिथे जुन्या धोतराच्या घड्या आल्या. मी इन्स्पेक्टरला पदरात धरायची, श्रावणभाऊ थेंब टाकायचे. मग भिजवलेला दाणा आणि पेरूचा गर वाटून, बिनसुईच्या सिरिंजनं गालातून थोडं थोडं. तो थुंकायचा. श्रावणभाऊ पुन्हा द्यायचे. "घे बाबू. हं. चाव. आता गिळ." चाळीस वर्षांची सवय, त्याच्या प्रत्येक घासाचं वाक्यही तेच देत होते. मी रोज घरी येऊन देवापुढे दिवा लावायची आणि नवऱ्याला सांगायची की आज जाईल बहुतेक. नवरा म्हणायचा, "काल पण हेच म्हणालीस."

एका दुपारी मी मशीनवर होते. भिंतीपलीकडे कौसाबाईंचा आवाज आला, त्या हिशेब चुकता करायला आल्या असाव्यात, आणि पाठोपाठ त्यांच्या पिशवीची चुरचुर. मग क्षणभर काही नाही. आणि मग, कुई.

मी शिलाई अर्धी टाकून धावले. इन्स्पेक्टर पेटीच्या काठावर पुढचे दोन पाय टेकून उभा, नाक वर, आणि घसा फाडून ओरडतोय. कौसाबाईंच्या पिशवीत फक्त झिंगे होते. त्यांनी पिशवी तिथेच ठेवली, भर उन्हात बाजारापर्यंत गेल्या आणि सांभाराची अख्खी जुडी घेऊन आल्या. "खा रे मुर्द्या," म्हणाल्या आणि डोळे पुसले. त्या दिवशी श्रावणभाऊंनी गल्लीला चहा पाजला. जो येईल त्याला ते इन्स्पेक्टरचा डोळा दाखवत होते, आणि लोक रांगेत उभे राहून पाहत होते, जसं नव्या नवरीला पाहतात.

चंद्रपूरला पुन्हा गेलो. नारिंगी थेंब, निळी बॅटरी. हिरवं कुठेच नाही. बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पुसट डाग राहिला होता, तेवढाच. बाईंनी डावा डोळा हातानं झाकला आणि उजवीकडून बोट जवळ आणलं. इन्स्पेक्टरनं मान मागे घेतली.

"दिसतंय त्याला," बाई म्हणाल्या. "भाऊ, जिंकलात."

श्रावणभाऊंनी त्यांना दोन्ही हात जोडले, मग मला जोडले, मग भिंतीवरच्या कुत्र्याच्या चित्रालाही जोडले. आम्ही निघालो, तर बाई मागून म्हणाल्या, "एक सांगायचं राहिलं. याला एकटं ठेवू नका. ही जात एकटी कुढते. जोडीला एक आणा."

"हव," म्हणून आम्ही बाहेर पडलो. स्टँडच्या वाटेवर श्रावणभाऊ थांबले. टोपली माझ्याकडे दिली आणि परत गेले. मीही मागोमाग गेले, काही विसरलं असेल म्हणून. ते दारातच उभे होते.

"बाई, एकटं मंजे किती दिवस? दिवाळीपासून होळीपर्यंत एकटं राहिलं, तर जड जाते का त्याले?"

"चार महिने?" बाई म्हणाल्या. "फारच जड जाईल, भाऊ. ओरडणार नाही. गप्प बसून राहील. आपल्याला वाटतं, बरा आहे."

श्रावणभाऊंनी मान हलवली.

परतीच्या गाडीत सागवानाचं जंगल मागे पडलं. मग श्रावणभाऊ खिडकीकडे पाहत म्हणाले, "आमची सुमन कवाच काही बोलली नाई. मी होळीले घरी आलो का चहा मांडे. दरवर्सी. मले वाटे, हिले काही लागत नाई." सुमनबाई मी इथे येण्याआधीच वारल्या. घरात त्यांचा एक फोटो आहे, त्यात त्या कॅमेऱ्याकडे न पाहता बाजूला पाहतायत.

मला काहीतरी म्हणायचं होतं, सुचलं नाही. त्यांनीही सुचवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुठ्ठ्याचा खोका घेऊन पुन्हा चंद्रपूरला गेले आणि इन्स्पेक्टरला जोडीदार घेऊन आले. त्याचं नाव हवालदार. पण जाताना स्टँडची वाट सोडून ते आधी राईस मिलवर गेले होते, हे मला दुपारी कळलं. माझा नवरा भर पाळीत, हातापायाला राख, जेवायला घरी आला. लग्न होऊन इथे आल्यापासून तो डबा न्यायचा.

"श्रावणभाऊ गेटवर आले होते," तो म्हणाला. "म्हणाले, आजपासून दुपारी घरी जेवत जा. तू काही बोललीस का त्यांना?"

"नाही," मी म्हटलं, आणि दुसरं ताट घेतलं.