बारा माशांची हजेरी

हणमंतरावांनी निवृत्तीनंतर मासे पाळले ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून. रोज अर्धा तास मासे बघत बसलं की बीपी उतरतं, असं डॉक्टर म्हणाले होते. (हणमंतरावांशी बोलता बोलता डॉक्टरांचंच बीपी चढलं होतं, ती गोष्ट वेगळी.)

बनशंकरीतल्या घराच्या हॉलमध्ये काचेची टाकी आली आणि तिच्यात बोटाच्या पेराएवढे, निळ्या-लाल पट्ट्यांचे बारा निऑन टेट्रा. हे मासे कळपानं राहतात, असं दुकानदारानं सांगितलं होतं. चार दिवस राहिलेही. पाचव्या दिवशी मात्र कुणी गवतात, कुणी तळाशी, कुणी नुसतंच मधे लोंबकळत. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत सुपरिंटेंडेंट राहिलेल्या माणसाला हे कसं पाहवणार? त्यांनी कपाटातली जुनी लाकडी पट्टी काढली आणि काचेवर हाणली. टक्!

बाराच्या बारा मासे कोपऱ्यात एक गठ्ठा होऊन उभे राहिले. हणमंतरावांना भरून आलं. कचेरीत चार कारकून कधी एका वेळी जागेवर सापडले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहाला पट्टी वाजू लागली आणि वहीत हजेरी लागू लागली.

"अहो, मासे ते! जाणार कुठं?" रत्नाबाई म्हणाल्या.

"शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

प्रकरण एवढ्यावर थांबलं असतं. पण त्याच महिन्यात मराठी मंडळाचं अध्यक्षपद रिकामं होणार होतं, आणि ते हणमंतरावांना हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. निवृत्तीनंतर कुणी कशाला विचारत नाही, हे त्यांना फार लागलं होतं. मंडळाची कुरकुर एकच होती, की हे गृहस्थ चार माणसं एकत्र ठेवतील का? म्हणून रविवारी त्यांनी मावळत्या अध्यक्षा वसुमतीअक्का आणि चिटणीस जयतीर्थ यांना उप्पीट-कॉफीला बोलावलं. जयतीर्थ पूर्वी त्यांच्याच हाताखाली कारकून होता. (तो घरी काय काय पाळतो, याची चौकशी करायची तेवढी राहून गेली.)

खाणं झाल्यावर सगळ्यांना टाकीपाशी उभं करण्यात आलं. पाहुण्यांसमोर पट्टी बरी दिसणार नाही, म्हणून हणमंतराव अगदी गोड आवाजात म्हणाले, "या रे बाळांनो, एकत्र या."

कुणी आलं नाही. एक गवतात शिरला. दोघे तळाचे खडे चाखत राहिले.

"अजून सवय स्वल्प कमी दिसते हो, अण्णा," वसुमतीअक्का म्हणाल्या.

झालं! हणमंतरावांचा पारा चढला. "हजर व्हा!" ते गरजले, आणि पट्टी अशी आपटली की सून क्षमाच्या हातातली कॉफी ट्रेमध्ये सांडली. बारा मासे, एक कोपरा, एक गठ्ठा.

"पाहिलंत? याला म्हणतात एकी! माझ्या एका शब्दावर!"

जयतीर्थ काचेपाशी वाकला.

"सर, रागावू नका हं. माझ्या घरीपण हेच मासे आहेत. हे भ्याले की असे चिकटून राहतात. निवांत असले की मोकळे फिरतात."

"म्हणजे इतके दिवस..."

"भीत होते, सर."

हणमंतरावांच्या हातातली पट्टी खाली आली. अध्यक्षपद गेलं, हे तर त्यांना कळलंच. पण त्याहून जास्त वाईट त्यांना त्या माशांचं वाटलं. रोज दहा वाजता बिचाऱ्यांच्या जिवाचं पाणी होत होतं, आणि आपण खूश होऊन हजेरी मांडत होतो! आपण काही एवढे वाईट नाही, हे निदान समोरच्या माणसांना तरी पटावं, असं त्यांना वाटलं. आवाजात होती नव्हती तेवढी माया आणून ते म्हणाले, "अरे, उभे का सगळे? बसा ना!"

माया होती, पण आवाज जरा मोठा निघाला.

हॉलमध्ये पाच खुर्च्या रिकाम्या होत्या. रत्नाबाई, क्षमा, वसुमतीअक्का आणि जयतीर्थ, चौघंही कोपऱ्यातल्या दोघांच्या सोफ्यावर एकमेकांना चिकटून बसले.