पाठराखीण, अडीच हॉर्सपॉवर

माझा पहिला कांदेपोह्यांचा कार्यक्रम एका इंजिनाबरोबर झाला. स्थळ मालाडचं होतं, वजन सतरा किलो, आणि ते आणलं होतं आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या कोचरेकर काकांनी.

काकांना ओळखणाऱ्यांना यात काही विशेष वाटणार नाही. काका आणि काकूंनी मिळून बोरिवलीत तीसेक वर्षं वधूवर सूचक मंडळ चालवलं. आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर, पिठाच्या गिरणीशेजारी त्यांचं ऑफिस होतं. पुढे लोक फोनवरच लग्नं जमवायला लागले तेव्हा काकांनी शटर खाली ओढलं. तोंडाचं शटर मात्र उघडंच राहिलं. कुठल्याही दोन वस्तू शेजारी आल्या की काका त्यांचं जमतंय का ते बघतात. आमच्या फ्रिजला स्टॅबिलायझर आणला तेव्हा ते आईला म्हणाले, "स्थळ चांगलं आहे, पण मुलगा गरम डोक्याचा दिसतो." आमच्या कुकरला नवी शिटी बसेना, तर "पत्रिका जुळत नाही वहिनी, ओढूनताणून संसार करू नका." लिफ्ट बंद पडली की ती माहेरी गेलेली असते.

मी फारशी बोलत नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे माझं मराठी घरापुरतं. आणि स्वभाव असा की दोन्ही भाषांत मी सारखीच गप्प. काम घरूनच करते. कानांवर हेडफोन आणि दार अर्धं उघडं. त्या अर्ध्या दारातून मी काकांना बघत आले आहे. चेक्सचा शर्ट, खाली बर्म्युडा, शर्टाच्या खिशात एक चपटी डबी. मधूनच डबी उघडून ते काहीतरी जिभेखाली ठेवतात आणि "बडीशेप" म्हणतात. येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून सोलकढी पाजणारा हा माणूस बडीशेप मात्र कुणालाही देत नाही. ते मला जरा चमत्कारिक वाटायचं, एवढंच.

मंडळ बंद झाल्यावर काकांनी होडी घेतली. बिल्डिंगला बसलेला हा पहिला धक्का. फायबरची जुनी होडी, मागे मोठं इंजिन, गोराईच्या खाडीत एका ओळखीच्या कोळ्याच्या घरामागे बांधलेली. काका देवबागचे, लहानपण पाण्यात गेलेलं. काकूंना पोहता येत नाही. तरी दर रविवारी काका गळ घेऊन निघाले की मागून काकू छत्री, डबा आणि लढाईला निघाल्यासारखा चेहरा घेऊन निघतात. त्यांना मूलबाळ नाही. अर्ध्या बोरिवलीची लग्नं लावलेली ही दोन माणसं रविवारी सकाळी खाडीच्या मधोमध बसून एकमेकांशी भांडतात.

तर मार्चमध्ये एका संध्याकाळी काका दारात येऊन आईला म्हणाले, "वहिनी, रविवारी मालाडहून एक स्थळ येतंय. तन्वीला आमच्याकडे पाठवा. नटवूबिटवू नका, हात मोकळे हवेत."

आई एरवी हुशार बाई आहे. काकांचा स्टॅबिलायझर, काकांची लिफ्ट, सगळं तिला पाठ आहे. पण 'स्थळ' हा शब्द ऐकला आणि तेवढ्यापुरतं ती सगळं विसरली. "हात मोकळे म्हणजे बांगड्या नकोत," तिने अर्थ लावला. "मॉडर्न माणसं दिसताहेत."

मला विचारलंच नाही कुणी. मी इतकी हादरले होते की नाही म्हणायचंही सुचलं नाही. रविवारी आईने मला निळा कुर्ता घातला आणि आम्ही दोघी समोरच्या दारात उभ्या राहिलो.

सोफ्यावर पन्नाशीचे एक गृहस्थ पोहे खात होते. मिशा काळ्याभोर रंगवलेल्या.

"हे मालाडचे," काका म्हणाले.

आई उंबऱ्यातच थिजली. "हे?"

"यांच्याकडचं स्थळ. बसा ना."

आईच्या जिवात जीव आला. वडील असणार. ती सोफ्याच्या कडेला टेकली. "आणि मुलगा?"

"बाथरूममध्ये आहे," काका म्हणाले. "आत्ताच धुतलाय."

आईने माझं मनगट गच्च धरलं.

"पहिलं घर वर्सोव्याचं," मालाडवाले मिशीवरचं खोबरं पुसत म्हणाले. "दोन सीझन तिथे होता. मग पार्टीने मोठा घेतला, हा परत आमच्याकडे."

"म्हणजे घटस्फोट?" आईचा आवाज अगदी बारीक झाला.

"बिजवर म्हणा," काका म्हणाले. "पण तब्येत ठणठणीत. आणि पिणं फार नाही. तासाला लिटरभर."

"लिटर!"

"पूर्ण जोरात असेल तर हां. एरवी कमी."

आई उठायच्या बेतात होती तेवढ्यात काका आत गेले आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांत, तान्ह्या बाळासारखं धरून आले. प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीला ते अडकवलं आणि टॉवेल काढला. वर पांढरं डोकं, खाली काळा दांडा, दांड्याच्या टोकाला पंखा. पंख्यातून लादीवर पाणी टपकत होतं. आईने पाय वर घेतले.

काकू स्वयंपाकघरातून पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. बशा डाव्या हातावर तोललेल्या. त्यांचा उजवा हात मोडून जुळलेला आहे, त्यात जोर नाही. "होडीला एक इंजिन आहे ना?" त्या काकांना म्हणाल्या. "एक जिवंत असताना दुसरं? मंडळात कुणी असलं स्थळ आणलं असतं, तर तुम्हीच त्याला जिन्यावरून ढकललं असतंत."

"दुसरा नवरा नव्हे गो," काका म्हणाले. "मोठ्याने दगा दिला तर सोबतीला. ही पाठराखीण!"

त्या क्षणापासून बिजवर मुलाची एकदम मुलगी झाली. मला पाठराखीण हा शब्दच माहीत नव्हता. मी हळूच फोनमध्ये बघितलं. फोनने गुलाबी झगे घालून, हातात फुलं धरून ओळीने उभ्या असलेल्या गोऱ्या मुली दाखवल्या. मी पुन्हा त्या इंजिनाकडे बघितलं.

"तन्वे, डावा हात पुढे कर," काका म्हणाले. अंगठा आणि बोटाने त्यांनी माझ्या मनगटाचं माप घेतलं. "बरोबर. हेच माप. आता ही दोरी ओढ. पेट्रोल नाही आत, घाबरू नकोस. डाव्यानेच हां."

"म्हणजे माझ्या मुलीला यासाठी बोलावलंत?" आईला आता वाचा फुटली होती.

"मग कशासाठी?" काकांनी निरागसपणे विचारलं.

आई ताडकन उठून घरी गेली. पोह्यांची बशी मात्र घेऊन गेली.

मी दोरी ओढली. दोरी वीतभर आली आणि माझा खांदा तिच्याबरोबर गेला. काकांनी मान हलवली. "नापास."

"सॉरी," मी म्हटलं.

"तू नाय गो. ती."

पुढचे काही महिने मी ज्या ज्या इंजिनांची दोरी ओढली, त्यांचे कुणी पैसे दिले असते तर मी नोकरी सोडली असती. काका शेअर रिक्षातून इंजिनं आणायचे. एकदा मुलुंडहून आणलेल्या एका पाठराखिणीला मांडीवर घेऊन बसले होते, आणि शेजारच्या बाईने घाबरून अर्ध्या वाटेत रिक्षा सोडली. एकीचा दांडा लांब निघाला. "फार उंच. आमच्या उथळ खाडीत चिखलच ढवळत बसेल." एक दिसायला छान, पण चार हॉर्सपॉवर आणि वजनाला भारी. "मागच्या फळीवर हिला बसवली तर होडी नाक वर करून चालेल." एकीला काकांनी कंपाउंडमध्ये पाण्याच्या निळ्या ड्रमात उभं करून चालू केलं. ड्रममधलं सगळं पाणी उडून सेक्रेटरींच्या धुतलेल्या गाडीवर गेलं, आणि धुराने गिरणीवाला शिंकत बाहेर आला.

"कोचरेकर, ही सोसायटी आहे, बंदर नाही!" सेक्रेटरी ओरडले.

"आवाज मोठा आहे, मान्य," काकांनी त्यांची समजूत काढली. "सासरी गेली की कमी होईल."

मला स्वतःला बॅटरीवर चालणारी आवडली होती. धूर नाही, दोरी नाही, आवाज नाही. आमचं जमलं असतं. "काका, ही घ्या ना," मी म्हटलं. माझ्याकडून आलेलं बहुधा हे पहिलंच मत. काकांनी ते मनावर घेतलं. खुर्ची ओढून तिच्यासमोर बराच वेळ बसले.

"निर्व्यसनी आहे, गुणी आहे," ते म्हणाले. "पण हिचा सगळा जीव बॅटरीत. ते धोंड दर वेळी घरून होडीपर्यंत उचलून नेणार कोण?"

"तुम्ही."

"मी. हां." काकांनी डबी उघडून बडीशेप जिभेखाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. "मी आहेच म्हणा."

शेवटी जमलं ते मढच्या स्थळाशी. तिथल्या एका बंगल्यात शूटिंगसाठी अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन आणलं होतं. पडद्यावर त्याने अख्खा समुद्र पार केला होता, प्रत्यक्षात पाण्याला पाय लावला नव्हता. "नटी आहे," काका म्हणाले, "पण कोरी." ड्रमात उभी करून मी डाव्या हाताने दोरी ओढली. माझ्या हाताला कळायच्या आत ती बोलायला लागली. मला वाटलं काका आता नाचतील. ते नुसतेच माझ्या मनगटाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "पसंत. रविवारी तू खाडीत ये आमच्याबरोबर."

रविवारी आम्ही तिघं निघालो. मागच्या फळीवर मोठ्या इंजिनाशेजारी नटी बसवलेली, तिच्या डोक्याला काकांनी हळदकुंकू लावलेलं. भरती लागली होती. खाडीच्या मधोमध आल्यावर काकांनी मोठं इंजिन बंद केलं, पुढच्या टोकाला जाऊन बसले, डोळे मिटले आणि मान खाली टाकली.

"काका?" मी विचारलं.

"मी नाही," काका म्हणाले. "मी मेलोय."

काकूंची छत्री हातातून पडली. "जिभेक काय हाड आसा की नाय तुमच्या?" त्या किंचाळल्या. चिडल्या की त्यांची भाषा थेट देवबागला पोचते.

"मेलेला माणूस बोलत नाय," काका डोळे न उघडता म्हणाले. "तू घरी जा आता."

होडी हळूहळू काठच्या तिवरांच्या झाडीकडे सरकायला लागली. मी उठायला गेले, तर काकूंनी मला हातानेच खाली बसवलं. त्या होडीची कड धरत धरत मागे गेल्या. डाव्या हाताने दोरी ओढली. काहीच नाही. पुन्हा ओढली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पुढे बसलेल्या प्रेताचे हात उचलले गेले, मग प्रेताने ते स्वतःच्या मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर दाबून बसलं.

"टाकीवरची हवेची चकती मोकळी कर," प्रेत पुटपुटलं.

"गप ऱ्हवा. मेलात ना?" काकूंनी चकती फिरवली आणि ओढली. इंजिन सुरू झालं.

काकू इंजिन वळवायचा दांडा घट्ट धरून समोर बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "दिवाळीनंतर एकदा यांच्या छातीत कळ आली. इथेच. त्या डबीतली गोळी दिली मी जिभेखाली. पण मोठ्या इंजिनाची दोरी काही माझ्याने हलेना. ओढून ओढून रडले. ओहोटी लागलेली, होडी आपली समुद्राकडे चाललीय. एका मच्छीवाल्याने बघितलं म्हणून वाचलो. त्यानंतर म्हटलं, होडी विका. नाही म्हणाले. मी म्हटलं, मग मी दर वेळी येणार. एकट्याला सोडणार नाही."

बडीशेप कुणालाच का मिळत नाही ते मला आत्ता कळलं. काकूंच्या दांड्यावरच्या मनगटाकडे मी बघितलं. बारीक, हाडं वर आलेलं. माझ्याच मापाचं.

मी कधीपासून विचारायचं राहिलेलं विचारलं. "काकू, पाठराखीण म्हणजे काय?"

"अगो, हे पण माहीत नाय तुका?" काकू हसल्या. "नवरी पहिल्यांदा सासरी जाते ना, तेव्हा माहेरचं कोणीतरी तिच्याबरोबर पाठवतात. बहीण, मावशी, कोणीही. अनोळखी घरात एकटी पडू नये म्हणून. चार दिवस राहायचं, तिला जरा धीर आला की परत जायचं. माझ्याबरोबर मावशी येणार होती. ती आयत्या वेळी आजारी पडली. मी अख्खी एसटी रडत आले. हे शेजारी बसलेले, यांना तरी मी कुठे ओळखत होते? यांना काय बोलावं कळेना. म्हणाले, रडू नको, पुढच्या खेपेक देतंय तुका पाठराखीण. मी रडतारडता हसले. म्हटलं, पुढची खेप कसली? लग्न काय पुन्हा पुन्हा होतं?"

बोलता बोलता काकू थांबल्या. त्यांनी दांड्यावरच्या आपल्या हाताकडे बघितलं, हळदकुंकू लावलेल्या त्या पांढऱ्या डोक्याकडे बघितलं. मग पुढे मान टाकून बसलेल्या काकांकडे.

"चाळीस वर्षं लावली मेलं एक स्थळ जमवायला," त्या म्हणाल्या.

काका हलले नाहीत. डोळे मिटलेलेच होते, हात अजून मांडीखालीच होते, पण गालांवरून ओघळलेल्या पाण्याने चेक्सच्या शर्टाची कॉलर भिजली होती.

कोळ्याच्या घरामागची जेटी जवळ आली. काकूंनी इंजिन हळू केलं. "उठा आता. घर इला."

"जरा ऱ्हव गो," काका तसेच म्हणाले. "तू नेतंस, तर बसान जाऊक बरा वाटता."

मी दोर फेकायला हातात घेतला होता. काकूंनी माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली, दांडा हळूच फिरवला, आणि जेटीला लागत आलेली होडी पुन्हा खाडीत वळवली.