एका नळाचे दोन साहेब

योजना माझी होती आणि ती बिनचूक होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. घोळ झाला तो माणसांचा!

त्याचं असं झालं. एकोणीस वर्षं मी पाकिटांच्या कारखान्यात गोंद तपासायला होतो. पाकीट नीट चिकटतं का, उघडताना फाटतं का, एवढंच बघायचं. मग लोकांनी पत्रं लिहायचं सोडलं आणि कारखान्यानं आम्हाला सोडलं. रोजगार कार्यालयात गेलो, तर खिडकीमागच्या बाई माझा अर्ज उलटसुलट करून म्हणाल्या, "गोंदाची जागा कुठेच नाही. बेकारी भत्ता हवा असेल तर सहा महिन्यांचं प्रशिक्षण घ्यावं लागेल. प्लंबिंगच्या वर्गात एक जागा आहे."

"अहो, पण मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे!"

"नळ काही वय विचारत नाही," बाईंनी शिक्का उचलला. "आणि ऐका, प्रशिक्षण संपेपर्यंत कमाई करायची नाही. एक नळ जरी पैसे घेऊन बसवलात, तरी भत्ता बंद!"

शिक्का बसला आणि मी प्लंबर व्हायला लागलो. मास्तर माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. मी त्यांना 'सर' म्हणायचो आणि ते मला 'काका'. सुरुवातीला पाना माझ्या हातात मासोळीसारखा सुळसुळायचा. पण हळूहळू जमू लागलं. हात बसावा म्हणून इमारतीतल्या शेजाऱ्यांचे नळ फुकटात दुरुस्त करू लागलो. एका घरी चहा मिळाला, दोन घरी बोलणी. पैसा मात्र एक घेतला नाही!

पाचवा महिना संपता संपता एकाच दिवशी दोन पत्रं आली. पहिलं प्रशिक्षण केंद्राचं. गुरुवारी सकाळी परीक्षक घरी येतील, त्यांच्यासमोर नळ बदलून दाखवायचा. दुसरं रोजगार कार्यालयाचं. 'आपण प्लंबिंगचा धंदा करून भरपूर कमावता, असे आमच्या कानावर आले आहे. गुरुवारी सकाळी तपासनीस घरी येतील.'

भत्ता गेला तर घर एकट्या बायकोच्या पगारावर, आणि परीक्षा गेली तर पाच महिने पाण्यात! पण रात्रीपर्यंत माझी योजना तयार होती.

"परीक्षकाला सांगायचं, मला सगळं येतं. तपासनिसाला सांगायचं, मला काही म्हणजे काही येत नाही. संपला विषय!"

बायको लाँड्रीत काउंटरवर असते. दिवसभर लोकांचे डाग बघून तिचा स्वभाव सरळ झालाय. "अहो, दोघांनाही खरं काय ते सांगा ना."

"खरं काय, कुणीही सांगेल!"

"आणि कोण कोण ते ओळखणार कसं?"

"एकोणीस वर्षं बंद पाकिटं हाताळलीत मी. माणूस बघितला की आतला मजकूर कळतो मला!"

"तुम्ही गोंद तपासत होतात," ती म्हणाली आणि दिवा मालवला.

गुरुवारी पावणेअकराला घंटी वाजली. ही कामावर गेली होती. घरात मी आणि सासूबाई. दारात एक जाडजूड गृहस्थ, काखेत फाइल.

"पत्र मिळालं ना?"

"मिळालं, मिळालं!"

गृहस्थ थेट स्वयंपाकघरात घुसले, सिंकखाली वाकले, माझे पाने एकेक करून उचलून बघू लागले. एवढ्या जिव्हाळ्यानं पान्याकडे कोण बघतं? परीक्षकच! मी ताबडतोब मेन कॉक बंद केला आणि जुना नळ खोलायला घेतला.

"सफाईदार हात आहे," ते म्हणाले. "किती घरी कामं केलीत?"

"अकरा! शिवाय मागच्या गल्लीत दोन!"

"अरे वा! आणि एक नळ बसवायचं काय घेता?"

हा पुस्तकातला प्रश्न! मी पोपटासारखा सुरू झालो. "आधी पाना घेतो. मग टेप घेतो. वॉशर तर घेतोच घेतो!"

"तसं नाही. लोकांकडून काय घेता?"

"लोकांकडून? बादली घेतो. आणि एखादं जुनं फडकं."

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला. "भरपूर घेतात हो! श्वास घ्यायला फुरसत नाही आमच्या जावईबापूंना!"

गृहस्थांनी घाईघाईनं काहीतरी लिहून घेतलं. मी म्हटलं, चला, गुण पडताहेत!

पुन्हा घंटी. दारात एक सडसडीत गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं. ज्याच्या खिशाला तीन पेनं, तो कुणाचा तरी भत्ता बंद करायलाच आलेला असणार! मी त्यांना बाहेरच्याच खोलीत बसवलं आणि चेहरा शक्य तितका पडेल केला.

"पत्र मिळालं ना? चला, सुरू करा," ते म्हणाले.

"काय सुरू करू साहेब? मला काहीच येत नाही."

"काहीच म्हणजे?"

"नळ डावीकडे फिरवला की उघडतो का उजवीकडे, इथपासून घोळ आहे."

त्यांनी बॅगेतून एक पाना काढून माझ्यासमोर धरला. "हे काय आहे?"

मी पान्याकडे अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं. "अडकित्ता?"

"पाच महिने वर्गात बसत होतात ना तुम्ही?"

"बसतच होतो साहेब. नुसता बसत होतो."

स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, झालं का नाही?" मी तिकडे धावलो. "हा काय, आत्ता होतं! डोळे मिटून बसवतो बघा!" बाहेरून हाक आली, "काका, कुठे गेलात?" मी इकडे धावलो. "इथेच आहे साहेब, मला कुठे जायचंय, मी बेकार आहे!" चार फेऱ्यांत मला इतका दम लागला, की कुठल्या खोलीत मी हुशार आणि कुठल्या खोलीत मठ्ठ, तेच आठवेना.

आणि याच वेळी सासूबाई हात धुवायला न्हाणीघरात गेल्या. नळाला पाणी नाही म्हटल्यावर त्यांनी सरळ मेन कॉक उघडला!

मी स्वयंपाकघरात पोचलो तेव्हा भिंतीतून पाण्याचा खांब निघाला होता आणि तो जाडजूड गृहस्थांच्या छातीवर येऊन थांबला होता. मी नवा नळ उचलून भोकाशी झटापट करू लागलो. आटे बसेनात. बसले तेव्हा नळाचं तोंड वर, पाणी छताला! भांडी तरंगायला लागली. गृहस्थांची फाइल ओल्या पापडासारखी लोंबत होती.

आवाज ऐकून सडसडीत साहेब आत आले. त्यांनी माझ्या हातातला पाना घेतला, एका हातानं मला बाजूला सारलं, दोन फेऱ्या उलट, तीन सुलट. पाणी बंद!

"तुम्हाला कसं काय येतं हे?" मी थक्क झालो.

"मला? मी परीक्षक आहे!"

"मग हे?"

"मी रोजगार कार्यालयातून आलोय," भिजलेले गृहस्थ शर्ट पिळत म्हणाले.

मी सिंकला टेकलो. मग सगळा धीर एकवटून हात जोडले. "साहेब, मघाशी तुम्हाला जे सांगितलं ते यांच्यासाठी होतं. आणि यांना सांगितलं ते तुमच्यासाठी! तेवढी अदलाबदल करून घ्या, की सगळं जुळेल!"

"म्हणजे तुम्हाला काम येतं की येत नाही?" परीक्षकांनी विचारलं.

"यांना येत नाही... म्हणजे तुम्हाला येतं... म्हणजे मला..."

"आणि ती भरपूर कमाई?" तपासनिसांनी विचारलं.

दारात सासूबाई पदर पिळत उभ्या होत्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "कमाई नाही हो काही. मीच सांगत सुटले सगळ्यांना. लोक विचारायचे, जावई रोज सकाळी डबा घेऊन कुठे जातात? या वयात शाळेत जातात, असं कसं सांगू? चांगला माणूस आहे. नावं ठेवतील लोक."

बारा वर्षं त्या आमच्याकडे राहताहेत, पण मी चांगला माणूस असल्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी त्यांच्यासाठी कोरडा पंचा शोधायला गेलो. घरात कोरडं काहीच नव्हतं.

दहा दिवसांनी पुन्हा दोन पत्रं आली. परीक्षकांनी मला नापास केलं होतं. 'उमेदवाराने पान्यास अडकित्ता म्हटले. प्रशिक्षण पहिल्यापासून घ्यावे.' दुसरं पत्र बायकोनं मोठ्यानं वाचलं. भत्ता चालू! आरोप निकालात! तपासनिसांनी खाली स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'सदर गृहस्थांचे काम मी प्रत्यक्ष पाहिले आहे. यांना कोणी पैसे देऊन नळ बसवून घेईल, हे संभवत नाही.'

घरात आनंदीआनंद झाला. सासूबाईंनी चहा टाकला. सगळ्यात जास्त मीच नाचलो. त्या वाक्याचा अर्थ नीट डोक्यात शिरायला मला संध्याकाळ झाली.