न घेतलेल्या नावाची बखर

॥ श्री ॥ ज्याचे कानी ताल आहे त्यास साष्टांग नमन, ज्याचे कानी नाही त्यास दुरूनच रामराम. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, रविवार, समय दिवेलागणीचा. ते दिवशी कुल राज्यात दर्शनपेटीवर महागायन जाहाले. त्याची हकीकत लिहावी ऐसे आम्हांस कोणी सांगितले नाही, आम्हीच रागे भरोन लिहीत आहों. संवत्सराचे नावच क्रोधी, तेव्हां आमचा दोष निम्माच धरावा.

पूर्वपीठिका ऐसी की, चाळीस वर्षांमागे या राज्यात पाच जणांनी रॉक म्हणोन विलायती थाटाचे गायन सुरू केले, आणि विजेच्या गिटारी घेतल्या, केस खांद्यापर्यंत वाढविले, आणि गावोगावी स्वाऱ्या करोन ऐसा गजर केला की पोरे कॉलेज सोडून मागे धावली. त्यांत मुख्य गाणारे ते गानबहाद्दर. गळा मोठा, छाती मोठी, आणि 'मी' हा शब्द सर्वांत मोठा. दोघे गिटारवाले, एक पेटीवाला, आणि पाचवा ड्रम वाजविणारा. हा पाचवा लग्नाच्या बँडमधून आला होता. त्याच्या बापाचा बँड, आजाचाही बँड, आणि हातात ताल ऐसा की घड्याळाने त्यास विचारोन चालावे. गानबहाद्दरांनी त्यास पहिल्याच दिवशी सांगितले, "तुझं नाव पोस्टरवर शोभत नाही रे. आजपासून तू जॉनी." आणि तो हसला आणि जॉनी जाहाला. मग वीस वर्षे वाजवून घेतले, आणि मग एके दिवशी सांगितले की आता तरुण हात पाहिजे, आणि काढून टाकिले. तो निमूट बापाच्या बँडमध्ये परत गेला, आणि वराती वाजविल्या, आणि अकरा वर्षांमागे दम्याने गेला. गानबहाद्दर अंत्ययात्रेस आले नाहीत. फुलांचे चक्र पाठविले, त्यावरही जॉनीच लिहिले होते.

त्याची बायको मालनबाई. वय सहासष्ट, अंगाने काटक, बोलणे थोडे आणि थेट. तिणे चव्वेचाळीस वर्षांत नवऱ्याचे नाव कधी तोंडाने घेतले नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतले तेवढेच. पुढे आमचे हे, ते, अहो, ऐकलं का, यांवर संसार जाहाला. रेशनच्या दुकानी नाव विचारले तर शेजारणीस पुढे करी. म्हणोन लोकांनी ते नाव घ्यावे याची तिला भूक होती. आणि लोक जॉनी म्हणत.

पुढे यंदा श्रावण सरता, गणपतीच्या आधल्या आठवड्यात, गानबहाद्दरांची स्वारी मालनबाईच्या दारी आली. मागे दोन मोटारी, हाती शाल आणि नारळ, डोळ्यांस काळा चष्मा. बसले, पाणी प्याले, आणि गहिवरून म्हणाले, "वहिनी, जॉनी म्हणजे आमचा कणा होता. आता आमचा अखेरचा कार्यक्रम आहे, सगळा देश टीव्हीवर बघणार. मी स्वतः त्याचं नाव घेणार. सगळ्यांपुढे."

मालनबाईने विचारले, "खरं नाव?"

"अहो, म्हणजे काय! खरंच नाव." मग म्हणाले, "तुमच्याकडं त्या जुन्या तालमींचे टेपचे स्पूल होते ना? एखादा द्या. आठवण म्हणून ऐकायचाय."

तालमी होत असत त्या मालनबाईच्याच परसात, बँडचे सामान ठेवायच्या पत्र्याच्या खोलीत. नवऱ्याने हौसेने दोन स्पूल भरून ठेविले होते. तिणे ट्रंक उघडली, एक स्पूल दिला, आणि दुसरा लुगड्यांखाली तसाच ठेविला. का ठेविला ते तिलाही सांगता आले नसते.

मग तो रविवार आला. ही अखेरची स्वारी ऐसे या बहाद्दरांनी तिसऱ्यांदा जाहीर केले होते, ते असो. मालनबाईने घर सारवल्यासारखे पुसून काढिले, चिवडा केला, गल्लीतल्या सहा-सात जणांस बोलाविले, आणि नवऱ्याचा फोटो भिंतीवरून काढून, पुसून, टीव्हीसमोर पाटावर ठेविला, म्हणजे त्यासही दिसावे. शेजारची जरीना, ब्लाऊज शिवणारी, वय चाळीसच्या आत, मशीन बंद करोन सर्वांआधी येऊन बसली.

"काकी, कवा घेत्यात नाव?"

"घेतील. बस गप."

आणि दर्शनपेटीवर महागायन सुरू जाहाले. काय तो देखावा! मैदानात लाख माणूस, रंगमंचावर धूर, धुरातून ज्वाळा, आणि ज्वाळांतून चौघे बुजुर्ग ऐसे प्रकटले की लंका जाळून येताहेत. वये सत्तरीची, गुडघे बदललेले, केस डांबरासारखे काळे, चामड्याची विजार ऐसी घट्ट की बसायची सोय नाही. दोघे गिटारवाले एका जागी उभे, कारण हलले तर कंबर धरते. जॉनीच्या जागी एक तरुण बसविलेला, दंडावर नक्षी गोंदलेली. आणि कॅमेरा पाहावा तो गानबहाद्दरांच्या दातांवर. दर दहा मिनिटांनी जाहिरात, मग पुन्हा ज्वाळा. म्हातारपणाची आम्हांस चीड नाही. म्हातारा म्हातारा होऊन गायला असता, आवाज फाटला असता, तर आम्ही पायावर डोके ठेविले असते. पण या सत्तर वर्षांच्या तोंडातून तिशीचा आवाज निघत होता. दम लागत नव्हता, सूर ढळत नव्हता, आणि माईक तोंडापासून हातभर दूर गेला तरी आवाज तेवढाच. लोक म्हणाले, काय तपश्चर्या! मालनबाई नावाची वाट पाहात होती.

तिसरे गाणे आले. त्याच्या शेवटच्या कडव्याआधी टक्-टक् ऐसे दोन टोले पडले, ड्रमच्या लोखंडी कडेवर, किंचित घाईचे. आणि मालनबाईच्या हातातली चिवड्याची ताटली तिथेच थांबली.

हे दोन टोले काय, ते सांगितले पाहिजे. वरात गल्लीच्या वळणास आली की बँडचा ढोलवाला कडेवर दोन टोले देतो, म्हणजे मागल्या बत्तीवाल्यांस कळते की आता वळायचे. मालनबाईच्या नवऱ्याचा हात वरातीत घडलेला, म्हणोन गाणे वळणास आले की दोन टोले आपोआप पडत. गानबहाद्दर त्यावरून त्यास सर्वांदेखत फाडून खात, "हे वरातीचं इथं नको, जॉनी!" आणि तो मान हलवी, आणि पुढल्या गाण्यास पुन्हा टोले देई. रॉकच्या गाण्यात ऐसे टोले दुनियेत दुसऱ्या कोणी दिले नाहीत. आणि दर्शनपेटीत ते पडले तेव्हां तो नक्षीवाला तरुण दोन्ही काठ्या हवेत फिरवून लोकांस दाखवीत होता.

मालनबाई म्हणाली, "जरे, त्यो पोरगा वाजवत न्हाई."

"म्हंजी?"

"आमचे हे वाजवत्यात. माझा स्पूल हाय त्यो. त्ये चौघंबी वाजवत न्हाईत. त्यो गात बी न्हाई, निस्तं तोंड हलवतोय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवण म्हणोन नेलेल्या स्पुलावर हे लोक कुल राज्यापुढे मिरवत होते. मेलेल्या माणसाचा हात चोरून त्यावर दुसऱ्याचे दंड दाखवीत होते. आम्ही लढायांच्या हकीकती वाचल्या आहेत, त्यांत शत्रूचे निशाण लुटून नेतात. पण आपल्याच सोबत्याचे हात लुटून नेणारे बहाद्दर आम्ही प्रथमच पाहिले, आणि त्यांस लाख माणूस उभे राहून टाळ्या देत होते. मालनबाई तरी बसून राहिली. नाव घेतो म्हणाला आहे, तेवढे घेऊ दे, मग बघते, ऐसे मनात धरून बसली.

मग आभाराचा समय आला. गानबहाद्दरांनी छातीवर हात ठेविला, आणि सरकारचे नाव घेतले, रंगाच्या कंपनीचे घेतले, गुडघे बदलणाऱ्या डॉक्टरांचे घेतले, आपल्या योगाच्या गुरूंचे घेतले, आणि मग डोळे पुसून आपल्या मेलेल्या कुत्र्याचेही घेतले. कुत्र्याचे नाव त्यांस बरोबर आठवले. आणि हात हलवून म्हणाले, "आता शेवटचं गाणं!"

जरीनाने मालनबाईकडे पाहिले नाही. कोणीच पाहिले नाही. फोटो पाटावर होता.

आणि तेव्हां जे जाहाले ते कोणाच्या आज्ञेने नव्हे. हे अखेरचे गाणे ऐनवेळी घातलेले, म्हणोन टेप सांभाळणाऱ्यांनी त्याची सुरुवात कापली नव्हती. दिवे विझले, लाख माणूस शांत, आणि कुल राज्याच्या कर्ण्यांतून, मैदानातून, घराघरांतल्या दर्शनपेटीतून एक घोगरा, घरगुती आवाज आला: "ए माले, दार लाव गं, आवाज भाईर जातोय. हां. एक, दोन, एक, दोन, तीन."

जरीना चटकन उठली आणि दाराकडे गेली. कडीस हात लावला तेव्हां भानावर आली आणि तिथेच उभी राहिली.

मालनबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. उघडंच ऱ्हाऊ दे. जाऊ दे भाईर आवाज."

पडद्यावर गानबहाद्दरांचे तोंड दिसले. भुकटीखालून पांढरे पडलेले, ओठ मिटलेले. गाणे सुरू होऊन एक ओळ पुढे गेली तेव्हां ओठ हलले. आम्हांस वाटले, आता चोरी उघडी पडली, आता हे लोक मान खाली घालतील. आम्ही भोळे. दुसऱ्या दिवशी सकाळी गानबहाद्दरांनी सर्व बातमीदारांस बोलावून सांगितले की ती आमच्या दिवंगत जॉनीस वाहिलेली श्रद्धांजली होती, मुद्दाम योजिलेली. आणि सर्वांनी छापिले की किती हृद्य, किती साधे. राज्यातले लोक ते वाचून रडले. आम्ही ते वर्तमानपत्र फाडले.

मंगळवारी दुपारी मालनबाई मेथी निवडीत बसली होती, जरीना बटणे लावीत बाजूस होती, आणि फोन वाजला. मालनबाईने तो मोठ्या आवाजावर टाकिला.

"वहिनी, बघितलं ना? लोकांनी डोक्यावर घेतलं! आता शेजारच्या राज्यात बोलावणं आलंय. तुमच्याकडं दुसरा स्पूल होता ना, त्यातपण असं काही बोललाय का तो? तुम्हाला स्टेजवर बोलावतो, तुम्ही दार लावायचं, लोक वेडे होतील."

जरीनाच्या तोंडून शिवी गेली. मालनबाईने तिला हाताने थांबविले आणि म्हणाली, "नाव घ्या."

"कुणाचं?"

"आमच्या ह्यांचं. सगळ्यांम्होरं घेणार हुता. आता माझ्या एकटीम्होरं घ्या."

"अहो, जॉनी..."

"जॉनी तुमी ठेवलंत. त्येंच्या आईनं ठेवल्यालं घ्या. आडनावासकट घ्या. मग स्पुलाचं बोलू."

मग फोनवर हात ठेविल्यासारखा घुसमटता शब्द आला, तो दोघींनी स्पष्ट ऐकिला: "अरे, जॉनीचं खरं नाव काय रे? कुणाला आठवतंय का?" आणि दुसरा कोणी म्हणाला, "जॉनीच ना?"

वीस वर्षे त्याच्या तालावर उभे राहिले, त्याच्या परसात त्याच्या बायकोच्या हातचा चहा प्याले, मेल्यावर त्याचे हात वापरले, आणि चौघांत मिळून एकास नाव येईना. मालनबाईने मेथीची जुडी खाली ठेविली. पदर सावरला. जरीना पुढे सरकली, कारण ऐशा वेळी नाव सांगायचे काम नेहमी तिचे. मालनबाईने तिला मागे सारले, आणि चव्वेचाळीस वर्षांत जे उखाण्यावाचून उच्चारले नव्हते ते रस्त्यापर्यंत ऐकू जाईल ऐशा आवाजात उच्चारले.

"लहू तात्याबा वायदंडे. लिवून घ्या. आन् स्पूल मिळनार न्हाई."

आणि फोन बंद केला.

येणेप्रमाणे महागायनाची हकीकत. या बखरीत एकाही बहाद्दराचे नाव लिहिले नाही, ते विसरलो म्हणोन नव्हे. ते चौघे होते, लाख लोक होते, ज्वाळा होत्या, आणि ताल लहू तात्याबा वायदंडे यांचा होता. कागद संपला, राग संपला नाही.