डायनासोर बघितलेली फरशी

“त्या म्हाताऱ्याचं काय पडलंय?”

“कवळी असंल.”

“कवळी एवढा येळ शोधत्यात व्हय? अंगठी असणार.”

मिरजेच्या एका दवाखान्यात मी चौकशीच्या खिडकीवर बसते. माझ्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या दोन बायकांचं हे बोलणं चाललं होतं. बोलता बोलता दोघींनी आपापल्या पायाखालीही बघून घेतलं. समोरच्या हॉलमध्ये तांबोळी चाचा कमरेत वाकून, हात मागे बांधून, एकेका फरशीवरून नजर फिरवत चालले होते. मधेच ते गुडघ्यावर बसले. पिशवीतली बाटली काढून त्यांनी थोडं पाणी फरशीवर ओतलं, तळहाताने पसरवलं आणि तोंड अगदी जवळ नेऊन बघायला लागले.

“अंगठी न्हाई,” पहिली बाई म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने हळूच विचारलं, “डोक्याचं डॉक्टर कुठल्या मजल्यावर बसत्यात?”

चाचांचं काही हरवलेलं नव्हतं. ते डायनासोर शोधत होते. पण हे मी त्या बाईंना सांगितलं नाही. मी फक्त “तिसऱ्या” म्हणाले आणि तेही इतक्या हळू, की त्यांना मागच्या माणसाला विचारावं लागलं.

चाचा आष्ट्याचे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्थानकात काचेच्या खोलीत बसून माइकवरून गाड्या पुकारायच्या. नोकरी संपली, आवाज काही निवृत्त झाला नाही. एरवी ते आपल्या गावचं बोलतात, पण एखादी गोष्ट महत्त्वाची वाटली की एकदम शुद्ध भाषेत पुकारायला लागतात. एकदा उपाहारगृहातला चहा संपला तेव्हा त्यांनी हॉलमध्ये उभं राहून “चहाच्या प्रतीक्षेत असलेल्या सर्वांनी कृपया लक्ष द्यावे” असं सांगितलं होतं. दुसऱ्या मजल्यावरचे नातेवाईकसुद्धा खाली बघायला आले. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देणं हे मात्र त्यांना कधी जमलं नाही. समोरच्याने “काल मी...” म्हटलं, की चाचांची गाडी सुटलेली असते.

डायनासोरचं वेड त्यांना लागलं माण तालुक्यातल्या दहिवडीला. बदलीवर तिथे असताना वडापाव गुंडाळून आलेल्या कागदावर कुठेतरी डायनासोरची अंडी सापडल्याची बातमी होती. तेल लागून निम्मी अक्षरं गेली होती. उरलेल्या निम्म्यावर चाचांनी माणच्या टेकड्या पालथ्या घालायला सुरुवात केली. सुट्टीच्या दिवशी हातात काठी, डोक्याला टॉवेल. मेंढपाळांना वाटायचं, सरकार जमीन मोजायला आलंय.

आणि एक दिवस त्यांना अंडं सापडलं. मोठ्या कलिंगडाएवढं, गोल, गुळगुळीत. ते त्यांनी सांगलीला एका कॉलेजच्या प्राध्यापकांना दाखवायला नेलं, अर्थातच एसटीने. शेजारच्या सीटवर टॉवेलात गुंडाळून ठेवलं होतं.

“कंडक्टर माझ्याच डेपोचा,” चाचा सांगतात. “म्हणला, साहेब, ह्याचं फुल का हाफ? म्हटलं, गड्या, अजून जन्मलंच न्हाई, हाफ तरी कशाला फाडतोस?”

प्राध्यापकांनी हातोडीने एक टोला दिला. दगडाचा कांद्यासारखा एक पापुद्रा सुटला, मग दुसरा, मग तिसरा. आत काळा दगड. ऊन-पाणी खाऊन आपल्याकडचा दगड असा गोल होतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. या भागात सगळे लाव्हाचे थर, इथे जीवाश्म मिळण्याची आशा धरू नका, असंही सांगितलं.

चाचा त्याचा सारांश असा करतात: “आपल्याकडं वर काळा दगड, त्याच्या खाली काळा दगड, त्याच्याबी खाली काळा दगड. डायनासोर फिरलं असत्याल हितं. पण उकळत्या रश्श्यात हाड कोण हुडकणार? सातारा, सांगली, सगळ्या फेऱ्या रद्द.”

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. चाचांनी मार्ग बदलला. आपला दगड उपयोगाचा नाही तर बाहेरगावचा दगड बघायचा. आणि बाहेरगावचा दगड आपल्याकडे कुठे असतो? फरशीत. जैसलमेरची पिवळी फरशी म्हणजे एकेकाळच्या समुद्राचा तळ, डायनासोरच्या वेळचा, हे त्यांना कळलं आणि त्यांनी मान खाली घातली ती अजून वर केलेली नाही. बँकेतून त्यांना शिपायाने बाहेर काढलं. एका लग्नात पंगत बसलेली असताना त्यांनी नवऱ्या मुलाच्या वडिलांना पाय उचलायला सांगितलं. ते घाबरून खुर्चीवरच पाय घेऊन बसले, त्यांना वाटलं विंचू आहे.

आमच्या दवाखान्याच्या जुन्या हॉलमध्ये हीच पिवळी फरशी होती. आणि खांबाजवळच्या एका फरशीत तो होता. शंख. जिलबीएवढा, वेटोळ्यावर वेटोळं घेतलेला, मधोमध कापलेला. कोरड्या फरशीत तो नीट दिसायचा नाही. पाणी पडलं की उठून यायचा. म्हणून चाचा आमच्या हौसाक्कांच्या मागे मागे फिरायचे. हौसाक्का मूळच्या माणच्या, दवाखान्यात फरशी पुसायच्या.

“आवं कंट्रोलर, वाळू द्या की जरा. पडला तर हितंच भरती व्हाल.”

“वाळली की गाडी गेली, हौसाक्का.”

त्या तोंडाने कुरकुरायच्या, पण खांबाजवळ त्यांचा मॉप नेहमी दोनदा फिरायचा.

पहिल्यांदा चाचांनी मला तो शंख दाखवला, तेव्हा मी विचारलं, “पण हा डायनासोर नाहीये ना?”

“न्हाई. पण ह्यानं डायनासोर बघितलाय,” चाचा म्हणाले. “हा पाण्यात, ते काठावर. ह्यानं त्याला बघितलं, आपण ह्याला बघतोय. म्हंजे थेट गाडी न्हाई मिळाली, पण मधी एकदाच बदलायची.”

शंखाला डोळे होते की नाही हे मी विचारणार होते, पण माझं वाक्य मनात जुळेपर्यंत त्यांनी पुढचं सुरू केलं होतं. माझं तसंच होतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी कमी बोलणारी माणसं. मराठी वाक्य मी आधी मनात बांधते, आणि ते बांधून होतं तेव्हा माणूस निघून गेलेला असतो. माझ्या टेबलावर माइक आहे. अमक्याच्या नातेवाईकांनी अमुक ठिकाणी यावे, असं त्यावरून सांगायचं असतं. मी त्याला कापडाचं कव्हर शिवलं होतं आणि नातेवाईकांना शोधायला स्वतः चालत जायचे. चाचांना हे फार खटकायचं.

“मॅडम, तुमचा आवाज डेपोतच उभा ऱ्हातोय. फाटकाभाईर काढा. असं बघा.” आणि छाती भरून घेऊन, “आष्ट्याला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे!” मग फार्मसीतली मुलगी दचकून सुटे पैसे सांडायची.

चाचींना मी एकदाच भेटले. त्या तपासणीसाठी आल्या होत्या. “आमच्या घरात साध्या पांढऱ्या टाइल्स हायत्या,” त्या म्हणाल्या. “तवा ह्यांचं घरात मन लागत न्हाई. सोमवार, गुरुवार उजाडला की मिरज.”

मग यंदा दवाखान्यातही पांढऱ्या टाइल्स बसवायचं ठरलं. जुनी फरशी फोडून काढायची होती. चाचांना कळलं त्या दिवशी ते पहिल्यांदाच खुर्चीवर बसलेले मी पाहिले. मग उठून थेट मोठ्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, एक फरशी अख्खी निघाली तर खुशाल घेऊन जा, ठेकेदाराशी बोला. ठेकेदार म्हणाला, “मी सांगतो पोरांना. पण तुमी त्या टायमाला समोर उभं ऱ्हावा. पोरं सपासप फोडत जात्यात, त्यांना कुठली फरशी काय म्हाईत.”

त्यानंतर चाचा रोज यायला लागले, काखेत चाचींनी जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ घेऊन. फरशी तिच्यात गुंडाळून एसटीने न्यायची होती. “हिचं मात्र फुल तिकीट काढणार,” असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

गुरुवारी काम खांबाच्या जवळ आलं. निम्म्या हॉलमध्ये नव्या टाइल्स चकाकत होत्या, बाक तिकडे सरकवले होते. ऑपरेशनच्या दाराजवळच्या बाकावर माणच्या बाजूचे एक म्हातारे बाबा सकाळपासून बसले होते. लाल पटका, खांद्यावर घोंगडीही नाही, मान खाली. त्यांची कारभारीण आत होती. बरोबर कुणी नव्हतं, मुलगा मुंबईहून निघाला होता. त्यांच्या सहीसाठी एक कागद घेऊन मी नेहमीसारखी चालत गेले, तर चाचा त्यांच्या शेजारी बसलेले. वाकळ म्हाताऱ्याबाबांच्या खांद्यावर होती.

“मीबी असाच बसलो हुतो,” चाचा इतक्या हळू बोलत होते की मला तो आवाज ओळखूच आला नाही. “माझी आत हुती. पोरगं दुबईला, भावाशी अबोला. येळ जाता जाईना. मान खाली घातलेल्या माणसाला फरशीबिगर दिसतंय काय? तेवढ्यात हौसाक्कानं पुसून घेतलं, आन् पायाजवळ ते वेटोळं वर आलं. म्हटलं, तू कोण रं? दार उघडंस्तोवर त्याच्याशीच बोलत बसलो.”

“मग? आली का भाईर?”

“आली की. आता रोज भांडतीया.”

म्हाताऱ्याबाबांनी पायाखाली बघितलं. पांढरी टाइल. तिच्यात काहीच नव्हतं, फक्त ट्यूबलाइट.

मी कागद तसाच हातात धरून उभी राहिले. सोमवार आणि गुरुवार. आमच्याकडे फरशी रोजच पुसतात. ऑपरेशनचे दिवस मात्र सोमवार आणि गुरुवार. मला आठवायला लागलं, शंख दाखवायला चाचा कुणाकुणाला हाताला धरून घेऊन जायचे. गर्दीतल्या, हसणाऱ्या, चहा पिणाऱ्या माणसांना कधीच नाही. बाकावर एकटं बसलेलं कुणीतरी असायचं.

सही घेऊन मी खिडकीवर परत आले. तोवर कामगार खांबाशी पोचले होते. एकाने छन्नी हातात घेतली, हातोडा उचलून खांद्यावर टेकवला आणि शंखाच्या शेजारच्या फरशीवर पाय रोवला. ठेकेदार दाराबाहेर फोनवर होता.

चाचांनी ते पाहिलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. एक हाक दिली असती तर हातोडाच काय, स्टँडवरच्या गाड्याही थांबल्या असत्या. पण त्याच वेळी म्हातारेबाबा बोलायला लागले. सकाळपासून पहिल्यांदाच. दोन्ही हातांनी चाचांचं मनगट धरून ते कारभारणीचं काहीतरी सांगत होते, मेंढरांमागे चालताना ती कशी पुढे जायची आणि मग कशी मागे वळून बघायची.

चाचांनी घेतलेला श्वास तसाच सोडून दिला. तोंड मिटलं. खांबाकडे पाठ केली आणि म्हाताऱ्याबाबांकडे वळून बसले. त्यांनी बाबांचं वाक्य मधे तोडलं नाही. मी त्यांना दुसऱ्याचं पुरतं ऐकून घेताना कधी पाहिलं नव्हतं.

शेजारची फरशी पहिल्याच घावात फुटली. छन्नी पुढे सरकली.

मी कव्हर काढलं. माइकचं बटण कुठे आहे तेही मला नीट माहीत नव्हतं, ते सापडलं. वाक्य मनात बांधायला वेळ नव्हता, जे ऐकून ऐकून पाठ झालं होतं तेच तोंडात आलं.

“कृपया लक्ष द्यावे. मिरजेहून आष्ट्याला जाणारी पिवळी फरशी खांबाजवळ लागलेली आहे. तिला कुणीही हातोडा लावू नये.”